खालच्या मजल्यावरचं घुमणं : टिळकवाडीतल्या एका सायकल ट्रेनरचं प्रकरण

बेळगावात जून लागला की सायकलवाल्यांचे दोन तट पडतात. काही जण रेनकोट चढवून जांबोटी रस्त्याला लागतात, बाकीचे सायकल घरात घेतात. हे प्रकरण दुसऱ्या तटातल्या एकाचं आहे.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एक चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा तिशीतला तरुण राहतो. त्याच्या बरोबर खाली एक आजोबा आणि आजी. आजोबांनी वडगावात आयुष्यभर माग चालवले आणि गुडघे दुखायला लागल्यावर ते मुलाच्या या फ्लॅटमध्ये आले. तरुणाला पावसाळा संपल्यावर दोनशे किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची होती. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे वेग फार लागत नाही, पण पाय तयार लागतात. उन्हाळाभर तो येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढत होता. पाऊस लागल्यावर त्याने कुणाकडून तरी जुना ट्रेनर घेतला आणि आतल्या खोलीत मांडला. बँकेला साडेआठला निघायचं, म्हणून पहाटे पाचला स्वारी सुरू.

ज्यांनी ट्रेनर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: हा एक लोखंडी स्टँड असतो. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं. टायर खालच्या एका बारीक रोलरला टेकतो, रोलरच्या एका टोकाला चुंबकाचा ब्रेक असतो आणि दुसऱ्या टोकाला जड चकती. पॅडल मारलं की चाक फिरतं, रोलर फिरतो, सायकल जागेवरच. मागचं चाक काढून चेन थेट यंत्रावर बसवायचे महाग ट्रेनरही मिळतात आणि ते बरेच शांत असतात. याच्याकडचा तसला नव्हता.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. कुठली मशीन का थरथरते हे शोधणं माझ्या रोजच्या कामात येतं. त्यामुळे खालच्या आजोबांची आवाजाची तक्रार आली आणि भांडण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जाणार असं दिसल्यावर तरुणाने मला बोलावलं.

तक्रार नेमकी काय होती

आजोबा भांडायला आले नव्हते. वर येऊन खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मागाच्या खटखटीत जेवलोय मी, झोपलोय मी. आवाजाचं मला काय नवं न्हाई. पण ह्ये खटखट न्हवं बाबा. डोक्यात घुमतंय बघ, आणि पहाटे पाचला घुमतंय." मग जाताना दारात थांबून, "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते रस्त्यावरच्या सायकलींचं. घरात चालवायच्या सायकलीचं न्हवं." ते दुकान १८८८ सालचं. आजोबांचा इतिहास पक्का आहे.

तरुणाची बाजूही ऐकण्यासारखी होती. तक्रार आल्या दिवशीच त्याने ट्रेनरखाली योगाची चटई घातली होती, नंतर तिच्यावर आणखी एक. हँडलला फोन लावून डेसिबल मोजायचं अ‍ॅप चालवलं होतं आणि त्यात आकडा उतरलेला त्याला दिसला होता. एवढ्यावर न थांबता त्याने धाकट्या भावाला वर सायकलवर बसवलं आणि स्वतः खाली आजोबांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. खोलीच्या मधोमध. त्याला अगदी किरकोळ गुणगुण ऐकू आली. त्यावरून त्याचं मत असं झालं की आजोबांना वयामुळे झोप लागत नाही आणि दोष सायकलला येतोय. "दादा, खरंच सांगतोय, खाली काहीच ऐकू येत नाही," तो मला म्हणाला.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. या प्रकरणातली खरी गंमत तीच आहे.

पलंगावर बसल्यावर

मी खाली गेलो आणि आजोबांना विचारलं, तुम्ही कुठे असता त्या वेळी? ते म्हणाले, पाच वाजता माणूस कुठं असतो, अंथरुणात. मग मी त्यांच्या पलंगावर उशीला टेकून बसलो, डोकं भिंतीपाशी. वरच्याला फोनवर सांगितलं की वेग हळूहळू वाढव आणि मला ताशी किलोमीटरचा आकडा सांगत राहा. दहाला काही नाही. पंधराला हलकी गुरगुर. अठराच्या पुढे गुरगुर एकदम भरून आली आणि वीसच्या आसपास खोली घुमायला लागली. आवाज कुठल्या दिशेने येतोय हे सांगता येईना, उशीतूनच येतोय असं वाटत होतं. तो तेवीसवर गेल्यावर घुमणं ओसरलं. परत वीसवर आणायला सांगितलं, पुन्हा घुमायला लागलं. मी तसाच उठून खोलीच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो, तर आवाज जवळजवळ नाहीसा झाला. परत पलंगावर बसलो, तर परत आला.

हिशेब तिथेच कागदावर मांडला. रोलरचा व्यास ३० मिलीमीटर, म्हणजे घेर साधारण ९४ मिलीमीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. एवढं अंतर कापायला रोलरला सेकंदाला ५९ फेरे मारावे लागतात. रोलर आणि त्याची चकती कधीच अगदी गोल नसते, तोल कुठेतरी कणभर चुकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक बारीक धक्का बसतो. सेकंदाला ५९ धक्के म्हणजे ५९ हर्ट्झ. पंचवीसच्या वेगाला ७४, तीसला ८८. हे धक्के स्टँडच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये जातात, आणि स्लॅबची खालची बाजू म्हणजे आजोबांचं छत.

आता खोली. आजोबांची खोली दहा बाय बारा फुटांची, छतही जवळपास दहा फुटांवर. आवाजाचा वेग आपल्याकडच्या हवेत सेकंदाला ३४६ मीटरच्या घरात. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरचं अंतर असलं की त्यांच्यात ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते ती साधारण ५७ हर्ट्झची. त्या आवाजाला खोली साथ देते. उंचीही तेवढीच असल्यामुळे उभ्या दिशेलाही तोच आकडा येतो. म्हणजे एकोणीस-वीसच्या वेगाला रोलर जो सूर धरतो तोच त्या खोलीचा सूर.

अशा घुमण्यात आवाजाचा दाब भिंतींपाशी, जमिनीपाशी आणि छतापाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर सगळ्यात कमी. उभ्या माणसाचा कान जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे दहा फुटी उंचीच्याही मध्यावर. तरुण खोलीच्या मधोमध उभा राहिला तेव्हा तो संपूर्ण खोलीतल्या सगळ्यात शांत ठिकाणी उभा होता. आजोबा झोपायचे ते भिंतीला डोकं लावून, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.

बारा फुटांच्या दिशेचा सूर ४७ हर्ट्झचा, तो सोळाच्या वेगाला यायला हवा होता. तिथे आम्हाला फार काही जाणवलं नाही. कारण उघड आहे: पलंग बारा फुटी भिंतीच्या अगदी मध्यावर लावलेला होता, त्या सुराच्या शांत जागी. पलंग कोपऱ्यात असता तर सोळालाही ओरड झाली असती.

आणि याचा रोजचा व्यायाम कसा? सुरुवातीची वीस मिनिटं पाय मोकळे करायला वीसच्या वेगाने, शेवटची दहाही तशीच. आजोबांची झोप नेमकी त्या पहिल्या वीस मिनिटांत मोडायची.

डेसिबलच्या अ‍ॅपबद्दल इथेच बोलून घेतो, कारण या भांडणांत दोन्हीकडचे लोक फोन नाचवतात. ही अ‍ॅप्स आणि साधी मीटरं बहुतेक वेळा 'ए' पद्धतीने मोजतात, म्हणजे माणसाच्या कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर हिशेबात कमी धरतात. ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात, १०० हर्ट्झच्या आवाजातून १९. त्यातून फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तीही याच 'ए' मापाने. पहाटे पाच ही कायद्याने रात्रच, हे खरं. पण आजोबांच्या खोलीत मीटर लावून कुणी काही सिद्ध करायला गेलं असतं तर वरचा सुटला असता आणि खालच्याची झोप होती तिथेच राहिली असती. मी आकडे पाहिले ते फायफॉक्स या फुकट अ‍ॅपवर, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं. त्यात आवाज किती यापेक्षा कुठल्या हर्ट्झला शिखर येतंय ते दिसतं. फोन वरच्या फरशीवर ठेवून थरथरही मोजता येते, मात्र फोन सेकंदाला दोनशे नोंदी घेत असेल तर शंभर हर्ट्झच्या वरचं जे दिसतं त्यावर विसंबू नये. आम्हाला पाहिजे होतं ते साठच्या खालीच होतं.

आधी सायकल

तरुणाला स्वतःला जो आवाज छळत होता तो वेगळाच होता. त्याच्या हायब्रिड सायकलला ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर. दोन ठोकळ्यांत दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं तर पंचवीसच्या वेगाला सेकंदाला साडेतीनशे ठोकळे रोलरवर आपटतात. तो झाला कण्हल्यासारखा चढा सूर, खोली भरून टाकणारा. त्यावर टेबलफॅनची घरघर. पण पाच इंची काँक्रीटचा स्लॅब हवेतून जाणाऱ्या असल्या आवाजाला चांगलाच अडवतो, खाली तो नावालाच पोचत होता. चटया घातल्यावर तरुणाच्या अ‍ॅपमधला आकडा उतरला तो या आवाजाचा असावा. आजोबांच्या आवाजाला त्याचा स्पर्शही झालेला नव्हता.

तरी टायर बदलायला लावला, कारण ठोकळे फरशीलाही हादरे देतातच आणि घरच्यांनाही कान आहेत. ट्रेनरसाठी कडक रबराचे खास टायर मिळतात. त्याने गुळगुळीत रोड टायर घेतला, तेवढं पुरलं. खास टायर घेतला तर तो ओल्या रस्त्यावर चालवू नये, पकड धरत नाही. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत, पण वरच्या बाजूला ठेवायची. रोलर टायरवर किती आवळायचा याचा त्याचा अंदाज पैलवानी होता. रोलर नुसता टेकल्यानंतर दोन-तीन आटे, चाक घसरत नाही एवढंच. जास्त आवळलं की टायर दबून घासतो, आवाजही वाढतो आणि रबराचा भुगा पडतो. रोलर स्पिरिटने पुसला, मागच्या चाकाचा डगमग सायकलच्या दुकानातून काढून आणला. चेन धुऊन तेल दिलं. यातलं काहीच नवलाचं नाही, लांबण लावत नाही.

गिअरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. चुंबकाच्या ट्रेनरला ब्रेक कमी-जास्त करायचा खटका असतो. याने तो सगळ्यात हलक्या खुणेवर ठेवला होता आणि जड गिअरमध्ये चाक भन्नाट फिरवत होता. तीच मेहनत ब्रेक घट्ट ठेवून हलक्या गिअरमध्येही होते. चाक मग कमी वेगाने फिरतं आणि रोलर, टायर, चकती सगळ्यांचा आवाज उतरतो. पॅडलचा ताल तोच राहतो, पायाला फार फरक कळत नाही, फक्त चाकाचा जोर कमी झाल्यामुळे पॅडल थोडं अडखळल्यासारखं वाटतं. तोटा एकच होता. वेग खाली आणायला गेलं की त्या विसाच्या खड्ड्यात पडायची भीती. म्हणून ठरवलं की मुख्य व्यायाम चोवीस-पंचवीसच्या आसपास आणि पाय मोकळे करायचे ते तेराच्या खाली, घट्ट ब्रेकवर. सोळा आणि वीस हे दोन्ही आकडे ओलांडताना रेंगाळायचं नाही. एवढ्याने, एक पैसा न खर्चता, आजोबांची अर्धी तक्रार मिटली.

मग जागा

ट्रेनर खोलीच्या मधोमध होता. स्लॅब सगळ्यात जास्त हलतो तो मध्यावर. खांबाजवळच्या कोपऱ्यात किंवा बीमच्या वर तो बराच ताठ असतो. शिवाय त्या जागेवरची एक टाइल खाली पोकळ होती, बोटाच्या पेराने ठोकलं की वेगळी वाजायची. तिच्यावर ट्रेनरचा एक पाय. अशी टाइल स्वतःच वाजते.

तरुणाची इच्छा ट्रेनर बंद केलेल्या गॅलरीत नेण्याची होती, वारा येतो म्हणून. मी नको म्हटलं. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, बाहेरचं टोक मोकळं, तिथे उड्या मारल्यासारखं होतं. आणि फ्लॅटमध्ये एक गोष्ट विसरता येत नाही: आपल्या बेडरूमच्या खाली त्यांची बेडरूम, आपल्या हॉलखाली त्यांचा हॉल. ट्रेनर हॉलच्या कोपऱ्यात, खांबाला लागून आला. वहिनींना ते पसंत नव्हतं आणि त्यांचं चुकत नव्हतं. पाहुणे आले की कोपऱ्यात सायकल. पण आजोबांच्या छतावरून ती हलली, हे सगळ्यात मोठं काम झालं.

चटया का चालल्या नाहीत

यावर थोडं थांबतो, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथेच घालवतात.

चटई मऊ आहे म्हणजे ती थरथर अडवणार असं वाटतं. अडवते ती स्प्रिंग, आणि स्प्रिंगने वजनाखाली दबायला हवं. किती दबते यावर सगळा खेळ. एक साधं सूत्र आहे: वजन ठेवल्यावर स्प्रिंग जितके मिलीमीटर दबते त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागायचं, आलेला आकडा त्या मांडणीचा स्वतःचा सूर, हर्ट्झमध्ये. एक मिलीमीटर दबली तर १५.८, चार मिलीमीटर दबली तर ७.९. थरथरीचा सूर या आकड्याच्या १.४ पटीच्या वर असेल तरच ती अडायला लागते. जितका वर, तितकी जास्त अडते. खाली असेल तर उलट वाढतेच.

आता याची योगाची चटई. ट्रेनरचे चार छोटे पाय तिच्यात रुतून तळाला टेकले होते. पायाखाली चटई उरलीच नव्हती, फरशीच होती. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने चटईवर सबंध प्लायवूड टाकून पाहिलं होतं. तेव्हा वजन पसरलं, पण इतकं पसरलं की चटई दबेनाच. न दबणारी स्प्रिंग ही स्प्रिंगच नव्हे. पहिल्या वेळी जास्त दबली, दुसऱ्या वेळी कमी, दोन्ही वेळा थरथर सरळ खाली.

उद्यमबागेत लेथखाली घालायचे रबराचे खाचांचे पॅड मिळतात. तरुणाला वाटलं मी तेच आणणार. ते पॅड शेकडो किलोंच्या वजनाखाली दबायला केलेले असतात. माणूस, सायकल, ट्रेनर मिळून शंभर किलोही होत नाहीत, त्या पॅडला कळणारसुद्धा नाही. त्यात रबर दबतं ते बाजूला फुगून. म्हणून तर त्याला खाचा असतात. सपाट, जाड रबराचा सबंध तुकडा पसरला तर त्याला फुगायला जागाच नसते आणि तो जागचा हलत नाही. जुन्या ट्रकच्या टायरचे तुकडे आणायचा बेत याच कारणाने सोडला.

टेनिसचे चेंडू

ड्रम वाजवणारे लोक फ्लॅटमध्ये एक युक्ती करतात: दोन फळ्यांच्या मध्ये टेनिसचे चेंडू आणि वरच्या फळीवर ड्रम. आम्ही तीच घेतली, पण चेंडू किती घालायचे ते मोजून. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे साधारण चेंडूवर ८.१६५ किलोचा भार दिला तर तो ५.६ ते ७.४ मिलीमीटर दबला पाहिजे. म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा नियमातच लिहून दिलेला, दुकानदाराला विचारायला नको.

आठ बाय चार फुटांचा १९ मिलीमीटरचा एक प्लाय घेतला. त्यातून सहा बाय दोनचे दोन तुकडे कापून एकावर एक फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट बसवले. ट्रेनरचे पाय पसरल्यावर पावणेदोन फुटांत मावायचे, त्यामुळे दोन फूट रुंदी पुरली. फळी ताठ हवीच. ती स्वतःच वाकायला लागली तर चेंडूंचा हिशेब बिघडतो. पुढचं चाकही याच फळीवर घ्यायचं, नाहीतर सायकल पुढे वाकते. सगळं मिळून वजन: माणूस ७०, सायकल १३, ट्रेनर ९, फळी २७ किलोच्या आसपास. एकूण ११९. सोळा चेंडू घातले तर एकेकावर साडेसात किलो, दबणार सुमारे साडेपाच मिलीमीटर, मांडणीचा सूर पावणेसात हर्ट्झ. रोलरचे ५९ त्याच्या आठपटीहून जास्त. कागदावर थरथरीचा साठावा-सत्तरावा भागच खाली जायला हवा. प्रत्यक्षात एवढं होत नाही, चेंडू हलत्या भाराला थोडा कडक वागतो आणि स्लॅबही काही अचल नसतो. पण अर्धंही झालं तरी पुष्कळ.

चेंडू जागेवर राहायला खाली १२ मिलीमीटरचा पातळ प्लाय, त्यात ५० मिलीमीटरची भोकं. चेंडूचा व्यास ६७ च्या आसपास, तो भोकात ११ मिलीमीटर उतरतो आणि त्याचं बूड फरशीच्या जेमतेम वर राहतं. म्हणजे चेंडू भोकाच्या कडेवर बसतो आणि खालचा प्लाय त्याला जागेवर धरतो. भोकं पाडणाऱ्या सुताराने शेवटपर्यंत विचारलं नाही हे कशासाठी. बिल देताना मात्र म्हणाला, "कॅरम न्हाई न्हवं ह्यो?"

चेंडू सारख्या अंतरावर मांडू नयेत. ट्रेनरवर बसल्यावर निम्म्याहून जास्त वजन मागे येतं. मागच्या भागात दहा, पुढे सहा. आणि बाजूचे चेंडू अगदी कडेला घ्यायचे, म्हणजे चढताना फळी कलंडत नाही. तरी चढताना पाय मध्यभागीच ठेवायचा. फळी जमिनीपासून चार इंच वर येते, घरात लहान मूल असेल तर हे ध्यानात धरावं. चेंडू क्लबमधले वापरून टाकलेले मिळाले तर उत्तम, पण सगळे सारखे जुने हवेत. काही ताजे, काही बसके असले की फळी तिरकी होते. गल्लीत क्रिकेटला वापरतात ते जड, कडक टेनिस बॉल चालत नाहीत, त्यांना हा हिशेब लागू होत नाही.

खाली पुन्हा

सगळं जमल्यावर परत आजोबांकडे गेलो. आता ट्रेनर त्यांच्या हॉलच्या वर होता, त्यामुळे आधी हॉलच्या भिंतीला टेकून ऐकलं, मग बेडरूममध्ये पलंगावर. वरच्याला मुद्दाम वीसवर थांबायला सांगितलं. घुमणं गेलं होतं. हॉलमध्ये भिंतीपाशी कान दिला तर अगदी पुसट काहीतरी, तेही माहीत आहे म्हणून ऐकू येणारं. एक खुळखुळ मात्र राहिली, शोकेसच्या काचेची. वरचा एका ठराविक वेगाला आला की सरकती काच खाचेत थरथरायची. इतके दिवस ट्रेनर बेडरूमवर होता म्हणून ती गप्प होती. तिथे वर काही करायची गरज नव्हती. आजींच्या शिवणाच्या डब्यातला बनातीचा तुकडा काचेच्या खाचेत सरकवला, खुळखुळ बंद. शेजाऱ्याच्या घरातली एखादी वस्तू वाजत असेल तर ती तिथेच गप्प करणं हजार पटीने सोपं असतं, पण त्यासाठी आधी त्यांनी तुम्हाला घरात घ्यायला हवं. तक्रार आल्या आल्या कायदा काढला असता तर ते दार उघडलं नसतं.

एक गोष्ट चेंडूंनी अडत नाही, आणि ती अडणार नाही हे आधीच सांगितलं होतं. नव्वदच्या तालाने पॅडल मारलं की मिनिटाला १८० वेळा जोर लागतो, सेकंदाला तीन. तीन हर्ट्झ हा पावणेसातच्या खाली. तो सरळ पार होतो, किंबहुना पावपटीने वाढतोच. बसून चालवताना हा जोर इतका हलका असतो की खाली कळत नाही. सीटवरून उठून, सायकल डाव्या-उजव्या अंगाला हलवत जोर मारला की मात्र खाली धप्प-धप्प पोचतं, आणि फळीही डोलते. त्यावर उपाय तंत्राचा नाही. उभं राहून मारायचे जोर रविवारी सकाळी नऊनंतर, त्या वेळी आजी-आजोबा कपिलेश्वराला गेलेले असतात. हे वेळापत्रक आजींनीच सुचवलं. पहाटेची स्वारी पाचऐवजी सहाला गेली. आजोबा म्हणाले पाच चालतील आता, पण तरुणाने सहाच ठेवले.

पावसात प्लायच्या कडा फुगतात, वरून घाम गळतो, म्हणून फळीला दोन हात वॉर्निश मारून वर पातळ रबरी पायपुसणं टाकलंय. चेंडूंतली हवा हळूहळू जाते. फळी आणि खालचा प्लाय यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवलंय, ते दोन-तीन मिलीमीटर उतरलं की सगळे सोळा एकदम बदलायचे. तरुण आता मागचं चाक काढून बसवायचा महागडा ट्रेनर बघतोय. मी म्हटलं घे, टायरचा आवाज जाईल, वहिनींना बरं वाटेल. पण त्याचे पायही फरशीवरच टेकणार, तेव्हा फळी टाकून देऊ नकोस.